लक्ष कुठं होतं?

‘कामगाराचे लक्ष नव्हते.’ अपघाताच्या नोंदवहीत, कारणाच्या रकान्यात, मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य हेच. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आधी शिफ्ट सुपरवायझर म्हणून, पुढं सुरक्षेचं काम बघत. बोट गेलं, लक्ष नव्हतं. पायावर बीम, म्हणजे मागाचा सूत गुंडाळलेला जड रूळ, पडला, लक्ष नव्हतं. डाईंगमध्ये, म्हणजे रंगाईत, वाफेनं हात भाजला, तिथंही तेच. एवढं लिहिलं की वही मिटते, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, फॉर्म भरला जातो आणि माग पुन्हा खडखडायला लागतो.

या वाक्याचा मला मनापासून राग येतो. शुद्धीवर असलेल्या माणसाचं लक्ष कुठं ना कुठं असतंच. ते नेमकं कुठं होतं आणि तिथंच का होतं, हे विचारायचं सोडून आपण ते नव्हतंच असं लिहून मोकळे होतो. त्या जखमी माणसाचा तो अपमान तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढच्या अपघाताची वाट तशीच उघडी राहते.

लक्ष असूनही भान कसं सुटतं, याचं मला सगळ्यात हलवून टाकणारं उदाहरण यंत्रमागापासून फार लांबचं आहे. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र. ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान मायामीला उतरायच्या बेतात होतं. पुढचं चाक खाली येऊन पक्कं बसलं, हे सांगणारा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी उतरणं थांबवलं, विमान दोन हजार फुटांवर ऑटोपायलटवर टाकलं आणि त्या दिव्याच्या मागं लागले. एक जण दिवा काढून बघतोय, दुसरा चाक दिसतंय का ते बघायला खालच्या कप्प्यात उतरलाय. या गडबडीत ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं नकळत सुटलं. विमान हळूहळू खाली यायला लागलं. उंची कमी होतेय हे सांगणारा एक सूर कॉकपिटमध्ये वाजला. कुणाच्याही ध्यानात आला नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं. १७६ माणसांपैकी १०१ गेली. चाकं खाली आलेली होती. बिघाड होता तो फक्त दिव्याच्या बल्बमध्ये.

कॉकपिटमधले लोक झोपलेले नव्हते, गप्पा मारत बसलेले नव्हते. जीव तोडून काम करत होते. त्यांचं सगळं लक्ष एका बल्बवर होतं आणि विमान कुणीच उडवत नव्हतं.

आमच्या शेडमध्ये हे रोज घडतं, फक्त तिथं दलदल नसते.

टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट, त्यावर टॉवेलचं अंग विणलं जातं. दुसऱ्याचा सैल, त्यातून वर लूप उठतात. सैल ताण्याचं सूत बारीकसारीक कारणानं तुटतं. तार तुटली की कामगारानं मागच्या अंगाला जायचं, दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून, तार शोधायची, गाठ मारायची, रफूच्या सुईगत बारीक डोळ्यातून ओवून पुढं आणायची. कापडात दोष राहिला तर त्याचे पैसे कापले जातात. मीटरवर मजुरी. म्हणून त्याची नजर तुटलेल्या तारेवरच असते, आणि आपणच ती तिथं लावलेली असते.

आता ती एकच तार घ्या. तुटून लोंबणारी तार शेजारच्या तारांत गुंतते. ताण्याचे दोन थर एकमेकांपासून नीट सुटे होत नाहीत. त्या फटीतून मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा इकडून तिकडं फेकला जातो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोच असलेला. गुंतलेल्या सुतावर तो आपटला की त्याची वाट वाकडी होते आणि तो मागाबाहेर उडतो. मी उडालेला धोटा बघितलेला आहे. शेडच्या पत्र्याला भोक पाडून तो पलीकडं गेला होता. आणि धोटा उडतो तो बहुतेक वेळा बाजूला. म्हणजे तार ज्याच्या मागावर तुटली तो वाचतो, लागतं शेजारच्या मागावरच्या माणसाला, ज्याला त्या तारेचा पत्ताही नसतो.

मायका एन्डस्ली या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९५ मध्ये भानाच्या तीन पायऱ्या मांडल्या. या बाई पुढं अमेरिकी हवाई दलाच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. पहिली पायरी, आजूबाजूला काय आहे ते जाणवणं. दुसरी, त्याचा अर्थ कळणं. तिसरी, आता पुढं काय होणार हे ताडणं. लढाऊ विमानं उडवणाऱ्यांचा विचार करता करता ही मांडणी आकाराला आली, पण मला ती वाचताना आमची तारच दिसत होती. नव्या पोराला तार तुटलेली दिसते. वर्षभर काम केलेल्याला ती तार गुंतणार हे कळतं. आणि मुरलेल्या माणसाला शेजारच्या मागावर कोण उभं आहे, हे माग थांबवायच्या आधी आठवतं. आपल्याकडची सगळी पोस्टरं पहिल्या पायरीवरच अडकलेली आहेत. ‘सावध रहा.’ कशापासून सावध? पुढं काय होऊ शकतं हे ज्याला कुणी सांगितलेलंच नाही, त्यानं डोळे ताणून बघून करायचं काय?

तिसरी पायरी कशी दिसते ते मला आमच्या एका जॉबरनं, म्हणजे पाळीतले माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीनं, दाखवलं. शहराच्या पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पाळीवर आले की डबा ठेवायच्या आधी ते शेडच्या दारात उभे राहायचे. नुसते उभे. मग डावीकडून सुरुवात करून सगळ्या रांगांमधून एक फेरी. हात पाठीमागं. कुठं थांबायचे, मागाच्या चौकटीवर तळवा ठेवायचे आणि पुढं जायचे. एकदा मी विचारलं, की अण्णा, बघता तरी काय एवढं? ते म्हणाले, “बघत नाही, ऐकालोय. तू पण ऐक की बे आधी, मग बघ.”

बाहेरच्या माणसाला यंत्रमागाचा आवाज म्हणजे नुसता गोंगाट. अण्णांना त्या गोंगाटात एकेक माग वेगळा ऐकू यायचा. पिकर, म्हणजे धोट्याला ठोकर देणारा तुकडा, झिजला की धोट्याच्या ठोक्याला एक पोकळपणा येतो. बोल्ट सैल असला की तळव्याला एक जास्तीची थरथर लागते. फेरी संपली की ते सांगायचे, अमक्या मागाचा पिकर आज बदला, तमक्यावर त्या नव्या पोराला उभं करू नका. दुपारी काय होणार ते त्यांना सकाळीच कळलेलं असायचं. त्या फेरीला पंधरा-वीस मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात त्यांच्या हातून उत्पादन शून्य. एका व्यवस्थापकानं त्यावरून त्यांना बोल लावलेले मी ऐकलेत. माझ्या लेखी शेडमधलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं.

त्या आवाजाची दुसरी बाजू अशी, की तो कान खातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली, पण जुन्या शटल, म्हणजे धोट्याच्या, मागांच्या शेडमध्ये उभं राहिलं की शेजारच्याशी ओठ आणि हातांनीच बोलावं लागतं. आमची माणसं ओठ वाचण्यात तरबेज आहेत ती यामुळं. कानात बोळे घाला म्हटलं तर ती म्हणतात, मग मागाचा आवाज कसा कळणार? प्रश्न खरा आहे. चांगले इअरप्लग आवाजाची पट्टी खाली आणतात, आवाज पुसत नाहीत. हळूहळू कानाला नव्या पट्टीची सवय होते आणि बदल पुन्हा कळायला लागतो. हे बसून, समजावून सांगावं लागतं. त्याऐवजी पोरं मोबाइलचे इअरफोन घालतात आणि गाणी लावतात. मला त्यांच्यावर चिडता येत नाही, बारा तास तो खडखडाट ऐकून दाखवा. पण इअरफोन मी शेडमध्ये चालू देत नाही. गाण्यानं आवाज कमी होत नाही, त्यावर आणखी एक आवाज चढतो, आणि हाक मारली तर ती त्या दोन्हींच्या खाली गाडली जाते.

हाकेचंही एक आहेच. आमच्या एका शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं, वर बिहार आणि ओडिशातून आलेली पोरं. धोक्याच्या क्षणी माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो. कुणी ‘चूडू!’ म्हणतो, कुणी ‘बघ!’, कुणी ‘अरे देख!’ आणि ज्याच्यासाठी ओरडलं तो मान वर करत नाही. आम्ही शेवटी दोन्ही हात डोक्यावर फुली मारून धरायची खूण ठरवली. ही खूण दिसली की कारण न विचारता जवळचा माग बंद करायचा. नंतर कळलं की काहीच नव्हतं, तरी बंद करणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही. या दुसऱ्या अटीवर मालकांशी जास्त वेळ वाद झाला, आणि खूण चालली ती त्या अटीमुळंच.

सोलापूर हा रेल्वेचा विभाग, त्यामुळं ओळखीत एखादा लोको पायलट निघतोच. माझ्या ओळखीचे एक जण सांगत होते, सिग्नल दिसला की नुसता बघून चालत नाही. एकानं हात करून मोठ्यानं सिग्नल म्हणायचा, सहायकानं तो स्वतः बघून तसाच परत म्हणायचा. हजारदा बघितलेला सिग्नल असला तरी. जपानच्या रेल्वेत तर बोट दाखवून म्हणायची ही रीत कारखान्यांपर्यंत पोचली आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या चाचणीत साध्या कामातल्या चुका या रीतीनं जवळपास ८५ टक्क्यांनी घटल्या. कारण उघड आहे. डोळ्याला सवयीचं दिसतं. हात आणि तोंड हलवलं की मन तिथं यावंच लागतं. आमच्या डाईंगमधल्या हायड्रोवर, म्हणजे ओले टॉवेल पिळून काढणाऱ्या त्या गरागरा फिरणाऱ्या पिंपावर, आम्ही हे आणलं. झाकण उघडायच्या आधी पिंपाकडं बोट दाखवून ‘थांबलं’ म्हणायचं. फिरत्या पिंपात हात घालून त्याला थांबवायची सवय पूर्वी सर्रास होती. कोपरापासून हात गेलेली माणसं या शहरात आहेत. पहिले काही दिवस पोरं लाजली. मग एकमेकांना टोकायला लागली.

पण भानावर विसंबूच नये अशाही जागा आहेत, आणि हे सांगायला मला सगळ्यात जास्त निकड वाटते. सांडपाण्याची टाकी, मळीचा हौद, ड्रेनेजचं चेंबर. तिथं हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला की तो नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. उतरणाऱ्याला पायरीवर वास येतो, दोन पायऱ्या खाली येईनासा होतो, आणि त्याला वाटतं हवा मोकळी झाली. तो कोसळतो. वरचा माणूस त्याला काढायला उडी घेतो, तोही कोसळतो. मग तिसरा. वर्तमानपत्रात टाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू अशी बातमी येते, तिच्यातला दुसरा आणि तिसरा बहुतेक वेळा असे वाचवायला गेलेले असतात. इथं कितीही जागरूक माणूस असला तरी त्याची इंद्रियंच त्याला फसवतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमात ३६ वं कलम त्यासाठीच घातलं होतं: हवा तपासल्याशिवाय, किंवा श्वासाची सोय आणि बाहेरच्या माणसाच्या हातात टोक असलेला दोर बांधल्याशिवाय आत जायचं नाही. वायू मोजायचं यंत्र, हवा मारायचा ब्लोअर, कंबरेचा पट्टा. याला पर्याय नाही. ‘आमचा माणूस अनुभवी आहे’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याकडं मी नेहमी बघतो. पांढरी बाराबंदी घातलेला तो भक्त, सगळा जीव त्या उंच काठीच्या तोलात. त्याला वाटेतला खड्डा बघायला सवड नसते, वर आडव्या आलेल्या तारेकडंही नसते. ते काम भोवतीची माणसं करतात. वाट मोकळी करतात, वरचं बघतात, त्याचा हात दमला की पुढचा खांदा तयार असतो. तू खाली का बघितलं नाहीस, असं त्याला कुणी विचारत नाही. कारखान्यात मात्र बीम चढवणाऱ्या दोघांनी बीमही सांभाळायचा, पायाखालचं तेलही बघायचं आणि मागून येणारी ढकलगाडीही.

आणि हे सगळं कोणत्या हवेत? मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर जातो. वर पत्रा, खाली मोटारी. सूत तुटू नये म्हणून आत ओल धरलेली असते, तिच्यामुळं घाम वाळत नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की मन मंदावतं. रात्रपाळीचं त्याहून अवघड. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीर स्वतःच झोपेकडं ओढतं. चहानं ते टळत नाही, थोडं पुढं ढकललं जातं. बारा तासांची पाळी, दोनाऐवजी चार माग, मीटरवर मजुरी. या हिशेबात माणसाकडं इकडंतिकडं बघायला किती क्षण शिल्लक राहतात, ते कुणीतरी शेडमध्ये उभं राहून बघावं. कामगारांनाही माझं सांगणं आहे, की डोळे जड झालेत हे जॉबरला सांगण्यात कमीपणा नाही. पण सांगितल्यावर त्याची मजुरी कापली जाणार असेल तर तो सांगणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

१८ मे २०२५, रविवारची पहाट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या कुटुंबातले, कामगाराच्या कुटुंबातले, त्यात लहान मूल. कारखान्याच्या आवारातच ते राहत होते. त्या दिवशी सगळं शहर सुन्न होतं. नेमकं काय झालं याचा निवाडा करायचा मला अधिकार नाही. पण त्यानंतर मी ज्या ज्या शेडमध्ये जातो तिथं आधी वर बघतो. टेरीच्या सुताचे तंतू ट्यूबलाइटवर, वायरींवर, मोटारीच्या जाळीवर मऊ थरासारखे बसतात. रोज दिसतात म्हणून दिसेनासे होतात. एक ठिणगी पडली की आग या तंतूंवरून छताखालून धावते, आणि टॉवेलचा धूर दोन-चार मिनिटांत जिना भरून टाकतो. मग विचारतो, आत रात्री कोण झोपतं? बाहेर पडायचं दुसरं दार कुठं? त्याची कडी बाहेरून तर नाही ना? खिडकीचे गज आतून निघतात का? डोळे बांधून दारापर्यंत जाऊन दाखवा. पूर्व भागात तर खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिथं कामाची जागा आणि घर यांत भिंतसुद्धा नसते, त्यामुळं हे प्रश्न शेडमधल्या माणसांइतकेच वर झोपलेल्या लेकरांसाठीही आहेत.

या सगळ्यात आज जर मला एकच गोष्ट मागायला सांगितली, तर मी पाळी बदलतानाची दहा मिनिटं मागेन. आमच्याकडं पाळी चालू मागावर बदलते. जाणारा डबा उचलतो, येणारा त्याच्या जागी उभा राहतो, ‘चल, येतो’ एवढंच. रात्रभरात जाणाऱ्याला जे कळलेलं असतं, कुठला माग धोटा अडकवतोय, कुठल्या स्टार्टरला हात लावला की झिणझिण्या येतात, ते सगळं त्याच्याबरोबर घरी जातं. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेल-वायूच्या फलाटावर १६७ माणसं गेली. दिवसपाळीनं दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवला होता. रात्रपाळीला ते कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच सुरू केला. आपलं काम चोख करणारीच माणसं होती ती. मधला निरोप तेवढा पोचला नाही.

म्हणून दहा मिनिटं. दोन्ही पाळ्या एकत्र, माग बंद, जाणाऱ्यानं येणाऱ्याला हाताला धरून रांगेतून फिरवायचं, आणि त्या दहा मिनिटांची मजुरी दोघांनाही द्यायची. दोन मालकांशी बोलणं झालंय. एकानं लगेच मीटरचा हिशेब मांडला, दिवसाला इतके टॉवेल कमी. दुसऱ्यानं विचारलं, जॉबरलाही थांबवायचं का? मी म्हटलं, जॉबरला तर आधी. श्रावणात बीम बदलायची वेळ येईल तेव्हा त्याच्या एका शेडमध्ये करून बघायचं ठरलंय, आणि नोंदवहीतला कारणाचा रकाना त्यानं मला नव्यानं आखून मागितला आहे.